पोपट जाड झालाय, धाप लागते, चोच सारखी वाढते? रक्तातल्या चरबीचा संशय आला तर काय काय तपासायचं

मे महिन्यात आणि दिवाळीत लोक गावाला गेले की त्यांचे पक्षी माझ्या घरी मुक्कामाला येतात. आफ्रिकन ग्रे, अॅमेझॉन आणि क्वेकर हे परदेशी पोपट, कॉकटिएल (दुकानात सगळे ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात), बजी (ज्याला सगळे ‘लव्हबर्ड’ म्हणतात). पक्षी वेगळा, मालक वेगळे, तक्रार मात्र तीच. पिंजऱ्यासोबत आलेली खाऊची पिशवी उघडली की कारणही बहुतेक वेळा त्यातच सापडतं. दर वेळी फोनवर तेच तेच सांगते, म्हणून आता लिहूनच ठेवतेय.

एक आधीच सांगते. हे सगळं परदेशी पक्ष्यांबद्दल आहे. आपला कंठवाला पोपट किंवा पहाडी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे’ म्हटल्याने तो कायदेशीर होत नाही.

लक्षणं

एखादं लक्षण इतर कारणांनीही दिसतं. दोन-तीन एकत्र दिसली तर पुढचं वाचा.

– खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला उडाला की चोच उघडी ठेवून धापा टाकतो. श्वासागणिक शेपूट वरखाली होते.
– छातीच्या मधोमध जे हाड असतं ते बोटाला लागतच नाही. दोन्ही बाजूंना गादी आणि मध्ये घळ.
– पोटावरची पिसं फुंकर मारून बाजूला केली की पातळ कातडीखाली पिवळी चरबी दिसते.
– चोच आणि नखं भराभर वाढतात. चोचीवर मार लागल्यासारखे काळसर डाग येतात.
– शीटेतला जो भाग पांढरा असायला हवा तो पिवळट किंवा हिरवट दिसतो.
– बजीच्या छातीवर मऊ गाठ. कॉकटिएलच्या पंखाच्या टोकाशी जाड, पिवळसर, खडबडीत झालेली कातडी.
– दांडीवरून तोल जाणं, एक पाय लुळा पडणं, झटका येणं. यातलं काही दिसलं तर हे वाचत बसू नका, सरळ शेवटच्या भागात जा.

आणि काहीच न दिसणं, हेही यात धरा. माझा पहिला ग्रे, बंड्या, नऊ वर्षं माझ्याकडे होता. शिट्ट्या वाजवायचा, कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर ‘बंद कर’ म्हणून ओरडायचा. एका सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली तर तळाच्या पाटीत पडलेला. पोस्टमॉर्टेमला हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून जाड, पिवळ्या आणि कडक झालेल्या निघाल्या. नऊ वर्षं मी त्याला रोज ओंजळभर सूर्यफूल घालत होते, आणि वर लोकांना कौतुकाने सांगत होते की आमचा बंड्या वाटी चाटून-पुसून खातो.

ग्रे, अॅमेझॉन, क्वेकर आणि कॉकटिएल या जातींत रक्तवाहिन्या अशा तुंबण्याचं प्रमाण जास्त दिसतं, वय वाढेल तसं आणखी. अॅमेझॉन, कॉकटिएल, बजी आणि क्वेकरना फॅटी लिव्हरही लवकर होतं.

पहिली तपासणी: पाटीतली टरफलं (खर्च शून्य)

वाटीत काय घातलं ते मला सांगू नका, पाटीत काय पडलंय ते बघा. दुकानातल्या मिक्समध्ये राळे असतात, बाजरी असते, करडई असते, सूर्यफूल असतं. मालक म्हणतात, ‘आम्ही सगळं मिसळून देतो.’ पक्षी मिसळून खात नाही. संध्याकाळी पाटीतला कागद काढा आणि टरफलं वेगळी करा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक पक्ष्यांच्या पाटीत सूर्यफुलाची काळी-पांढरी टरफलं ढिगाने असतात आणि राळे वाटीच्या तळाशी जसेच्या तसे.

हे का बघायचं? सूर्यफुलाच्या गरात वजनाच्या जवळपास अर्धं तेल असतं. शेंगदाण्यातही तेवढंच. राळे, बाजरी, वरईत ४-५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वाटी तीच, पण निवडून खाणाऱ्याचं जेवण आणि तुम्हाला वाटतं ते जेवण यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ‘मग सूर्यफुलाऐवजी करडई देतो’ हा उपाय दुकानदार हमखास सुचवतात. करडईच्या गरातही एक तृतीयांशाहून जास्त तेल असतं, त्यामुळे फारसं काही हाती लागत नाही.

एका गृहस्थांनी मला सूर्यफुलाच्या पाकिटावरचं ‘कोलेस्टेरॉल शून्य’ दाखवलं होतं. खरंच आहे ते. कुठल्याच बीमध्ये कोलेस्टेरॉल नसतं. ते पक्ष्याचं यकृत बनवतं, आणि येणारी जास्तीची चरबी त्यालाच साठवावी लागते. शिवाय नुसत्या बियांत अ जीवनसत्त्व जवळपास नसतं आणि कॅल्शियम तुटपुंजं असतं. जाड पक्षी म्हणजे नीट पोसलेला पक्षी नव्हे. एकीकडे चरबी चढते, दुसरीकडे उपासमार चालूच.

यावर हुशार वाचक विचारतील की रानातला ग्रे तर तेलताडाची फळं खातो, ती काय कमी तेलकट आहेत? नाहीत. पण तो त्या फळांसाठी रोज काही किलोमीटर उडतो आणि दिवसाचे कित्येक तास खाणं शोधण्यात घालवतो. आपल्याकडे वाटी दांडीपासून चार इंचांवर असते. कॉकटिएल आणि बजी तर मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर गवताचं बी खाणारे. सूर्यफूल त्यांच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं.

बिया हुंगूनही बघा. पावसाळ्यात आणि कोकणपट्टीत पोत्यातल्या शेंगदाण्याला आणि मक्याला बुरशी धरते, आणि तिच्या विषाने यकृत खराब होतं. कुबट वास आला की पूर्ण पिशवी टाकून द्या, निवडत बसू नका.

दुसरी तपासणी: घरातली माणसं (खर्च शून्य, पण अवघड)

फ्रिजवर एक कागद लावा. पक्ष्याला ज्याने जे दिलं ते त्याने तिथे लिहायचं. तीन दिवसच. ओरडायचं नाही, नुसतं लिहायचं.

एका अॅमेझॉनच्या घरी हा कागद लावला. सकाळी आजोबांच्या चहातलं बिस्कीट, दहा वाजता कामवाल्या मावशींच्या पोळीचा तूप लावलेला पापुद्रा, दुपारी मुलाच्या डब्यातलं पनीर, संध्याकाळी फरसाण, रात्री दोन बदाम कारण बुद्धी वाढते. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच देतो, आणि एवढंसं तर देतो. आजोबा मला म्हणाले, ‘अहो ताई, तो मान वाकडी करून मागतो हो.’ मागणारच. तो हुशार आहे.

पक्षी ४०० ग्रॅमचा असेल तर बिस्किटाचा तुकडा त्याच्यासाठी तुकडा राहत नाही. मीठ आणि साखरेचं वेगळंच. अॅव्होकाडो आणि चॉकलेट तर विषच, ते किती दिलं हा प्रश्नच येत नाही.

आजोबांचं देणं बंद करायला जाऊ नका, ते होत नाही. त्यांच्या हातात दुसरं काही द्या: डाळिंबाचे चार दाणे, ढोबळी मिरचीच्या आतला बियांचा गड्डा. तिखट मिरचीही चालते, पक्ष्यांना तिखटाची आग जाणवत नाही.

तिसरी तपासणी: काटा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, फक्त १ ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. त्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून शून्य करा, किंवा एक छोटी दांडी बसवा. सकाळी पहिली मोठी शीट झाल्यावर, वाटी भरायच्या आधी वजन घ्या. रोज त्याच वेळी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहा.

पिसांमुळे पक्ष्याचा आकार कळत नाही. ९० ग्रॅमच्या कॉकटिएलचं ९ ग्रॅम वजन गेलं तर ते दहा टक्के झालं. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं. ढोबळ अंदाज म्हणून बजी ३०-४० ग्रॅम, कॉकटिएल ८०-१००, क्वेकर ९०-१२०, मोठा ग्रे ४००-५००. पण चण मोठी-लहान असते, म्हणून आकड्यासोबत छातीचं हाड चाचपायचंच. बोट फिरवल्यावर हाडाची कड जाणवावी, पण टोचू नये.

इथे एक फसवी गोष्ट आहे. हाड टोचतंय आणि पोट मात्र फुगलेलं, असं असेल तर ती चरबी नव्हे. सुजलेलं यकृत, पोटातलं पाणी किंवा अडकलेलं अंडं असू शकतं. पक्ष्यांना आपल्यासारखा छाती आणि पोट वेगळं करणारा पडदा नसतो. हवेच्या पिशव्या थेट पोटापर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे आत काहीही फुगलं की जागा श्वासाचीच जाते. धाप लागते ती म्हणून. असा पक्षी घरी डाएटवर ठेवायचा नाही, डॉक्टरांकडे न्यायचा.

चौथी तपासणी: दिवा आणि अंडी

मादी आहे? एकटी असून अंडी घालते? मग रक्तातल्या चरबीचा अर्थच बदलतो. अंड्याचा बलक चरबीचा असतो, आणि तो बनवायचा हुकूम आला की यकृत रक्तात चरबी ओतायला लागतं. त्या दिवसांत रक्त घेतलं तर लाल पेशी खाली बसल्यावर वरचं पाणी दुधासारखं पांढरं दिसतं आणि कॅल्शियमही वर गेलेलं असतं. निरोगी मादीत हे चार दिवसांचं काम आहे. पण जी मादी वर्षभर अंडी घालत सुटते तिच्या शरीराला हे वर्षभर सोसावं लागतं.

तिला तसं करायला आपणच लावतो. हॉलमध्ये रात्री साडेबारापर्यंत टीव्ही आणि ट्यूबलाइट, म्हणजे तिच्या लेखी मोठा दिवस, सुगीचे दिवस. वर भरपूर तेलकट खाणं, सोफ्याखालची अंधारी फट आणि पाठीवरून हात फिरवणारा माणूस. तिला वाटतं संसार मांडायची वेळ झाली. संध्याकाळी सातला पिंजरा शांत खोलीत न्या, १२ तास अंधार द्या, फटी बंद करा, हात फक्त डोक्यावरून आणि मानेवरून फिरवा. खोके आणि घरटी काढून टाका.

पाचवी पायरी: खाणं बदलणं

इथे लोक घाई करतात आणि पक्षी मरतो. वाक्य कडक आहे, पण असं झालेलं मी पाहिलंय. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून एकाच दिवशी बिया बंद केल्या. जाड पक्षी उपाशी राहिला की अंगातली चरबी सुटून यकृतात येते, आणि आधीच चरबीने भरलेलं यकृत तिच्याखाली बसतं. त्यामुळे उपास नाही, एकादशी नाही. बदल सहा-आठ आठवड्यांचा धरा.

पहिल्या आठवड्यात फक्त सूर्यफूल आणि शेंगदाणे मिक्समधून वेचून काढा, बाकीचं तसंच. हे वेचलेलं फेकू नका, ते बक्षीस म्हणून हातून एकेक द्यायचं. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी पहिली वाटी भाज्यांची, कारण तेव्हा भूक जास्त असते. दोन तासांनी ती काढून नेहमीची वाटी. मग हळूहळू बियांत पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या छोट्या गोळ्या) मिसळायचे आणि बिया कमी करत जायचं. शेवटी निम्म्याहून जास्त पेलेट, बाकी भाज्या आणि मोडाची कडधान्यं, आणि बिया फक्त बक्षिसापुरत्या. पेलेट महाग पडतात हे मान्य. लहान पाकीट घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, अर्धं फेकायची वेळ आली तर आणखी महाग पडतात.

भाज्यांत तांबडा भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, मेथी, मक्याचं कणीस. मोडाचे मूग आणि मटकी तीनदा धुऊन. राजमा कच्चा कधीच नाही.

एक क्वेकर आला होता, १४६ ग्रॅम. त्याने अकरा दिवस भोपळा उचलून भिंतीवर फेकला. भिंतीवर अजून डाग आहे. बाराव्या दिवशी मी त्याच्यासमोर ताटात भोपळ्याची फोड घेतली, त्याला दिलीच नाही, स्वतः मिटक्या मारत खाल्ली. तेव्हा उडत आला आणि ताटाच्या काठावर बसला. पहिल्या दिवशी त्याने फक्त भोपळ्याच्या बिया खाल्ल्या, ज्या पुन्हा तेलकटच. पण तोंड तर लागलं! पुढे मालकिणीने नेटाने चालवलं आणि पाच महिन्यांत तो १२१ वर आला.

या काळात वजन रोज आणि शीट रोज. आठवड्याला तीन टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर मी एक पाऊल मागे जाते. पेलेट चघळून भुगा करणं म्हणजे खाणं नव्हे. शीटा लहान, गडद हिरव्या आणि मोजक्या झाल्या म्हणजे तो उपाशी आहे, वाटी कितीही रिकामी दिसो.

सहावी पायरी: हालचाल

एक वाटी काढून तिच्याऐवजी चार ठिकाणी खाणं ठेवा. कागदाच्या पुड्या, मक्याचा पाला, नारळाची करवंटी. वर चढायला लावा, खाली उतरायला लावा. पंख कापलेले असतील तर पुन्हा कापू नका. मात्र धापा टाकणाऱ्या जाड पक्ष्याला ‘व्यायाम’ म्हणून घरभर पिटाळू नका. त्याच्या रक्तवाहिन्यांची अवस्था आपल्याला माहीत नसते.

सातवी तपासणी: रक्त, आणि इथून पुढे काम डॉक्टरांचं

कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर नव्हे, पक्षी बघणारा. फोनवरच विचारा, ‘पोपटाचं रक्त तुम्ही घेता का?’ उत्तर अडखळत आलं तर पुढचा नंबर लावा. निरोगी पक्ष्याचं रक्त वजनाच्या एक टक्क्यापर्यंत घेता येतं, म्हणजे ९० ग्रॅमच्या कॉकटिएलचं एक मिलिलिटरही नाही. बहुधा मानेच्या उजव्या बाजूच्या शिरेतून घेतात. उपाशी किती वेळ ठेवायचं ते त्यांनाच विचारा. माणसांसारखा रात्रभराचा उपास लहान पक्ष्याला धोक्याचा, आणि भरल्या पोटी रक्त दिलं तर चरबी वाढलेली दिसणारच.

माणसांच्या लॅबमध्ये नमुना देऊन आलेले तीन रिपोर्ट माझ्याकडे लोकांनी पाठवलेत. तिन्ही बिनकामाचे. पक्ष्याच्या लाल पेशीत केंद्रक असतं, मशीन तिथेच गोंधळतं. रिपोर्टच्या कडेला छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसांची असते. कोलेस्टेरॉलची २०० ची रेघ पोपटाला लागू नाही, कित्येक निरोगी पोपट तिच्या वर असतात. साखरेचं तर विचारूच नका. पक्ष्यांची साखर साधारणपणे २०० ते ३५० असते. एका काकांनी घरच्या ग्लुकोमीटरवर ग्रेची साखर २८० बघितली आणि त्याला मधुमेह झाला म्हणून फळं बंद केली. ती आपल्यासारखी ९० असती तर तो बेशुद्ध पडला असता.

माणसांत यकृतासाठी एसजीपीटी ही रक्ततपासणी बघतात, पण तिच्यावर जाऊ नका, पक्ष्यांत त्यातून फारसं कळत नाही. एसजीओटी ही दुसरी तपासणी, पण ते स्नायूंमुळेही वाढतं, म्हणून ते सीपीके या स्नायूंच्या तपासणीसोबत वाचतात. बाइल अॅसिड्सची (पित्तातल्या आम्लांची) तपासणी यकृत काम किती करतंय ते सांगते. कावीळ शोधायची म्हणून बिलिरुबिन बघण्यात अर्थ नाही. पोपटाचं शरीर बिलिरुबिनऐवजी हिरवं रंगद्रव्य बाहेर टाकतं, म्हणूनच शीटेतला पांढरा भाग हिरवा होतो. एक्स-रेमध्ये यकृताची सावली आणि मोठ्या रक्तवाहिन्या बघतात. जिवंत पक्ष्यात रक्तवाहिन्या तुंबल्याचं पक्कं निदान कठीणच असतं. ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर चिडू नका, ते खरं बोलतायत.

घरातली कोलेस्टेरॉलची गोळी, लिव्हर टॉनिक, चमचाभर जवसाचं तेल यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) काही डॉक्टर देतात, पण तो निर्णय आणि तो डोस त्यांचा. खाणं बदलल्यावर साधारण तीन महिन्यांनी परत रक्त, त्याच लॅबमध्ये, तेवढाच वेळ उपाशी ठेवून. नाहीतर दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. मादीने त्या महिन्यात अंडं घातलं असेल तर ते आधी सांगा.

घरचे उपाय ताबडतोब थांबवायचे ते केव्हा

बसल्या जागी चोच उघडी ठेवून श्वास घेतोय. पिसं फुगवून पाटीत बसलाय. झटका आला, पडला, पाय धरत नाही. दिवसभर काही खाल्लं नाही (बजी-कॉकटिएल असेल तर अर्धा दिवसही पुरेसा). मादी जोर लावतेय आणि अंडं येत नाही. वजन दहा टक्के उतरलं.

यातलं एकही असेल तर त्याच दिवशी, रविवार असला तरी. लहान खोका घ्या, भोकं पाडलेला, तळाला टॉवेल, दांडी नको. एका बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, म्हणजे ऊब जास्त वाटली तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येतं. अंधार आणि शांतता. तोंडात पाणी ओतू नका, ग्लुकोजही नाही, ते श्वासनलिकेत जातं. कॅलेंडरचं पान, पाटीतला आजचा कागद शीटांसकट आणि बियांची पिशवी सोबत घ्या. निघायच्या आधी दवाखान्यात फोन करून पक्षी येतोय म्हणून सांगा, म्हणजे बाहेर कुत्र्यांच्या रांगेत बसावं लागणार नाही.